१७ सेंटिमीटर म्हणजे किती? ध्रुवाची वाट रांगोळीने, खऱ्या मापात

११ मार्च २०११ च्या जपानच्या भूकंपाने पृथ्वीची आस १७ सेंटिमीटर सरकली, हे बहुतेकांनी कुठे ना कुठे ऐकलेलं असतं. विज्ञान प्रदर्शनात त्याचा तक्ता लावला की पाहणारा "बाप रे" म्हणून पुढच्या टेबलाकडे वळतो, आणि मनात राहतं ते अचानक कललेल्या पृथ्वीगोलाचं चित्र. ते चित्र चुकीचं आहे. आस किती सरकली हे जमिनीवर एकास एक प्रमाणात काढून दाखवता येतं. त्याला ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या सोसायटीचं पोडियम किंवा शाळेचं मैदान पुरतं.

आधी कोणती आस, ते स्पष्ट असू द्या. पृथ्वी जिच्याभोवती फिरते ती परिवलनाची आस. जिच्याभोवती पृथ्वीचं वस्तुमान तोललेलं असतं ती दुसरी, तिला आकृतीची आस म्हणू. दोन्ही तंतोतंत जुळत नाहीत. जमिनीवर त्यांच्यात साधारण १० मीटरचं अंतर असतं. त्यामुळे परिवलनाचा ध्रुव दुसरीभोवती घिरट्या घालतो. भूकंपात खडक खाली-वर होतात, वस्तुमानाची मांडणी बदलते आणि आकृतीची आस सरकते. अवकाशातला २३.४ अंशांचा कल तसाच राहतो, ऋतूही तसेच. लोकलच्या डब्यात उभं राहून आतून भिंत ढकलली म्हणून गाडी पुढे जात नाही, तसंच हे: भूकंपाचा धक्का आतला आहे.

सामान थोडंच लागतं: ३० मीटरची टेप, खडू, किलोभर पांढरी रांगोळी, थोडी लाल, सुतळी आणि एक्सेल असलेला संगणक. ध्रुवाच्या रोजच्या जागेची नोंद आयईआरएस ही आंतरराष्ट्रीय सेवा ठेवते. तिच्या संकेतस्थळावरून 'ईओपी सी०४' ही फाइल फुकट उतरवता येते. # ने सुरू होणाऱ्या ओळी शीर्षकाच्या असतात, त्या एकदा वाचाच, कारण जुन्या आणि नव्या आवृत्तीत रकान्यांचा क्रम वेगळा आहे. आपल्याला हवेत तारीख, एक्स आणि वाय (ध्रुवाची जागा) आणि एलओडी (दिवसाच्या लांबीतला फरक). १ सप्टेंबर २०१० ते ३१ ऑक्टोबर २०११ या चौदा महिन्यांतली दर दहाव्या दिवसाची ओळ घ्या. ४३ बिंदू मिळतात. चौदाच महिने का? ध्रुवाच्या एका मुख्य डोलण्याला, चँडलर डोलाला, सुमारे ४३३ दिवस लागतात.

एक्स आणि वाय आर्कसेकंदात, म्हणजे विकलांमध्ये असतात. ३०.९ ने गुणलं की मीटर. यानंतर बहुतेक जण थेट खडू उचलतात आणि इथेच फसतात, कारण या घिरटीचं केंद्र शून्यावर नसतं. वायचे आकडे तसेच मोजत गेलात तर निम्मी रांगोळी शेजारच्या विंगच्या पार्किंगमध्ये जाईल. दोन्ही रकान्यांतली सर्वांत लहान किंमत शोधा, ती सगळ्या आकड्यांतून वजा करा, मग सर्वांत मोठी किंमत पाहून जागा ठरवा.

आता दिशा. एक्स ग्रीनिचकडे जातो आणि वाय ९० अंश पश्चिमेकडे. पूर्वेकडे नव्हे. उत्तर ध्रुवावर वरून पाहतोय असं समजून उभे राहा: एक्स समोर, वाय उजवीकडे. खडूने बिंदू मांडून तारखांच्या क्रमाने जोडले की वाट घड्याळाच्या उलट दिशेने गेली पाहिजे. घड्याळाच्या दिशेने गेली तर वायचं चिन्ह चुकलं. रांगोळी टाकण्याआधी ते दुरुस्त करा. पाहणाऱ्यांना आपलं गाव सापडावं म्हणून घिरटीच्या अंदाजे मध्यापासून ठाण्याचा बाणही काढा. ठाणे ७३ अंश पूर्व रेखांशावर, म्हणून ५ मीटरच्या बाणाला १.४६ मीटर पुढे आणि ४.७८ मीटर डावीकडे जायचं. रांगोळी सकाळी टाका. दुपारनंतर खाडीचं वारं सुटलं की बारीक रांगोळी फरशीवर टिकत नाही.

आता लाल रांगोळी. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतल्या रिचर्ड ग्रॉस यांनी गणिताने काढलेले आकडे असे: आकृतीची आस १७ सेंटिमीटर सरकली, १३३ अंश पूर्वेच्या दिशेला. म्हणजे मध्यबिंदूपासून ११.६ सेंटिमीटर मागे आणि १२.४ सेंटिमीटर डावीकडे. वीतभरही नाही. भोवती मीटरच्या मीटर पसरलेली पांढरी वाट आणि मध्ये ही लाल रेघ, एवढं दिसलं की तक्त्याची गरज उरत नाही.

११ मार्चच्या आसपास पांढऱ्या रेघेत मात्र झटका दाखवू नका. तसा झटका नसतो. हे मुलांना सुतळीने समजतं. एक जण मध्यावर सुतळीचं टोक धरून उभा राहतो, दुसरा दुसरं टोक धरून गोल चालतो. मधल्याने १७ सेंटिमीटर सरकायचं, पण चालणाऱ्याला ओढायचं नाही. सुतळी लागेल तशी सैल सोडायची किंवा आखडायची. चालणारा होता तिथूनच पुढे चालतो, फक्त आता त्याचं वर्तुळ नव्या मध्याभोवती पडतं. सुतळी ताणून धरली तर तो खेचला जातो आणि प्रयोग नेमकं उलटं शिकवतो.

दिवसाची लांबी भिंतीवर दाखवा. एलओडी म्हणजे ८६,४०० सेकंदांपेक्षा दिवस किती जास्त भरला, तो फरक. १ मिलिसेकंदाला १ मीटर उंची द्या. वारे, समुद्र आणि चंद्राची भरती यांमुळे आलेखाला मोठे चढउतार दिसतील. उधाणासारखाच पंधरवड्याचा ठेकाही त्यात ओळखू येतो. जपानच्या भूकंपाने दिवस १.८ मायक्रोसेकंदांनी लहान झाला, म्हणजे या भिंतीवर १.८ मिलिमीटर. खडूची रेघ त्याहून जाड असते. मोजमापाची अचूकताच साधारण २० मायक्रोसेकंद होती, म्हणून हा आकडा घड्याळातला नव्हे, हिशेबातला, असं पाटीवर लिहा.

जाणते पाहुणे विचारतात की २६ डिसेंबर २००४ चा सुमात्राचा भूकंपही तेवढाच मोठा, मग आस ७ सेंटिमीटरच का सरकली? ढोबळ उत्तर कॅल्क्युलेटरवर निघतं. अक्षांशाचा साइन गुणिले कोसाइन करा. सुमात्रा, ३.३ अंश: ०.०६. जपान, ३८.३ अंश: ०.४९. विषुववृत्ताजवळ वस्तुमान खाली-वर झालं तर तोल फारसा ढळत नाही. ४५ अंशांजवळ सर्वांत जास्त ढळतो. दिवसाच्या लांबीसाठी कोसाइनचा वर्ग घ्या, तिथे सुमात्रा १.०० आणि जपान ०.६२. सुमात्राने दिवस ६.८ मायक्रोसेकंदांनी लहान केला तो म्हणूनच, असं मात्र ठासून सांगू नका; भेगेची लांबी आणि तिचा उतारही हिशेबात येतात. खडक आडवेच घसरले तर एवढाच मोठा भूकंपही आसीला फारसं हलवत नाही.

आणि किल्लारी? महाराष्ट्रात हा प्रश्न येणारच, उत्तर तयार ठेवा. ३० सप्टेंबर १९९३ चा तो भूकंप ६.२ चा, जपानचा ९.१ चा. फरक २.९; तो दीडने गुणून दहाचा घात केला की ताकदीतला फरक निघतो, सुमारे २२,००० पट. १७ सेंटिमीटरना त्याने भागलं तर उरतात ८ मायक्रोमीटर. रांगोळीचा एक कण याहून कितीतरी मोठा.