सौंदर्यप्रसाधनांच्या ऑनलाइन दुकानात ग्राहकागणिक शिफारस कशी घडवावी

सौंदर्यप्रसाधने विकणाऱ्या बऱ्याच संकेतस्थळांवर ‘खास तुमच्यासाठी’ या मथळ्याखाली दिसणारी उत्पादने ही त्या आठवड्यात सर्वाधिक खपलेली किंवा ग्राहकाने आदल्या दिवशी नुसती उघडून पाहिलेली असतात. त्यात ग्राहकाच्या त्वचेचा विचार कुठेच नसतो. माझ्या मते वैयक्तिक शिफारशीची खरी कसोटी वगळण्यात आहे. जी उत्पादने या व्यक्तीला चालणार नाहीत ती तिच्यासमोरून बाजूला काढता आली, तर उरलेल्या चार-पाचांतून निवड करणे तिला सहज जमते. स्वतःचे दुकान चालवणाऱ्या लहान-मध्यम ब्रँडने या कामाची मांडणी कशी करावी, ते पुढे दिले आहे.

सुरुवात यंत्रणेपासून करू नये, मालाच्या माहितीपासून करावी. साठ-सत्तर उत्पादने असतील तर एक साधी एक्सेल शीट पुरते. प्रत्येक उत्पादनापुढे ते कोणत्या त्वचेला मानवते, सुगंध घातलेला आहे का, मुख्य क्रियाशील घटक कोणता, पोत जेलचा आहे की दाट क्रीमचा, आणि ते कोणत्या दुसऱ्या उत्पादनाबरोबर वापरू नये, हे लिहून काढावे. ही नोंद उत्पादन तयार करणाऱ्या रसायनतज्ज्ञाकडून तपासून घ्यावी, कारण विपणनाच्या मजकुरातून ती भरली तर प्रत्येकच क्रीम ‘सर्व प्रकारच्या त्वचेसाठी’ ठरते आणि वगळण्याला आधारच उरत नाही. एकदा ही शीट नीट भरली, की रेटिनॉल असलेले सीरम आणि सॅलिसिलिक आम्लाचे टोनर एकाच कार्टमध्ये आल्यास ‘ही दोन्ही एकाच रात्री लावू नका’ अशी सूचना आपोआप दाखवता येते. अशी एक सूचना ग्राहकाचा जितका विश्वास कमावते, तितका दहा सवलतींनीही कमावता येत नाही.

त्यानंतर प्रश्नावली. ती चार-पाच प्रश्नांची असावी, लॉगिन न करता भरता यावी आणि प्रत्येक प्रश्नाखाली तो का विचारला आहे हे एका ओळीत सांगितलेले असावे. ‘तुमची त्वचा कोणत्या प्रकारची आहे?’ हा प्रश्न फारसा उपयोगी पडत नाही, कारण अनेकांना स्वतःच्या त्वचेचा प्रकार नेमका ठाऊक नसतो. उन्हाळ्यात घाम येतो म्हणून कित्येक जण ती तेलकट समजतात. त्याऐवजी असे विचारावे : ‘चेहरा धुऊन काहीही न लावता अर्धा तास थांबलात, तर त्वचा ताणल्यासारखी वाटते, फक्त कपाळ आणि नाक चमकू लागते, की सगळाच चेहरा तेलकट होतो?’ याचे उत्तर कोणालाही अनुभवातून देता येते. मुरूम, वांग, कोंडा हे शब्द मराठी पानावर तसेच वापरावेत. भाषांतरित वैद्यकीय शब्द वाचून माणूस अडखळतो. हवामानासाठी पिनकोड पुरेसा असतो. मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत हलके जेल सुखावह वाटते, तर नागपूर-अकोल्याच्या कोरड्या उन्हाळ्यात तेच अपुरे पडू शकते. मात्र पिनकोडवरून फक्त क्रम बदलावा, उत्पादन लपवू नये.

गरोदरपणाबद्दल थेट विचारू नये. रेटिनॉइड गटातील घटक (रेटिनॉल त्यांतलेच एक) त्या काळात टाळण्याचा सल्ला दिला जातो, म्हणून ‘गरोदरपणात टाळायचे घटक वगळा’ असा फिल्टर सगळ्यांसाठी खुला ठेवावा. ज्या स्त्रीला हवा ती तो लावेल, आणि ती निवड तिच्या खात्यात साठवायची नाही, असे आधीच ठरवून टाकावे.

सर्वांत अवघड भाग शेड निवडण्याचा आहे. त्वचारोगतज्ज्ञांची फिट्झपॅट्रिक श्रेणी १९७५ मध्ये मांडली गेली ती त्वचा उन्हाने भाजते की रापते हे पाहण्यासाठी. तिच्या सहा प्रकारांत गव्हाळ ते सावळ्या वर्णांमधले बारकावे मावत नाहीत. समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांची दहा वर्णांची श्रेणी गूगलने २०२२ मध्ये सर्वांसाठी खुली केली, ती पडद्यावर पर्याय मांडण्यासाठी अधिक सोयीची आहे. तरीही केवळ वर्ण निवडून फाउंडेशन जुळत नाही, कारण त्वचेत पिवळसर, लालसर किंवा हिरवट झाक असते आणि फोनचा कॅमेरा ट्यूबलाइटखाली ती हमखास चुकवतो. म्हणून सेल्फीवर विसंबण्याआधी एक प्रश्न विचारावा : ‘सध्या कोणते फाउंडेशन आणि कोणती शेड वापरता, आणि ती लावल्यावर चेहरा राखाडी दिसतो, नारिंगी दिसतो की जुळतो?’ राखाडी दिसत असेल तर बहुधा शेड फिकी किंवा गुलाबीकडे झुकणारी आहे. काही वेळाने नारिंगी होत असेल तर अधिक पिवळसर झाक असलेली शेड सुचवावी. सुचवलेली शेड मध्यभागी आणि तिच्या शेजारच्या दोन शेड दोन बाजूंना एकेक, अशी मांडणी करावी. सगळ्या शेड गोऱ्यापासून सुरू करून सावळ्या ग्राहकाला शेवटपर्यंत सरकवायला लावणे अपमानास्पद आहे, आणि वर्ण उजळवणारी उत्पादने तिने मागितली नसताना सुचवणे त्याहून अधिक. छायाचित्रे वेगवेगळ्या वर्णांच्या हातांवर, दिवसाच्या उजेडात, लावल्याबरोबर आणि तासाभराने अशी दोनदा घ्यावीत. सनस्क्रीनच्या बाबतीत झिंक ऑक्साइडमुळे उमटणारा पांढरा थर याच छायाचित्रांतून प्रामाणिकपणे दिसला पाहिजे.

माहिती जपण्याचा विषय वकिलावर सोडून देण्यासारखा नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती स्पष्ट आणि ठरावीक कारणापुरती असावी, ती मागे घेणे ती देण्याइतकेच सोपे असावे आणि संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांतही वाचण्याचा पर्याय असावा, अशा तरतुदी आहेत. मराठी त्यांपैकी एक आहे. अठरा वर्षांखालील मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवण्यास कायद्याने मनाई आहे, हे मुरुमांची उत्पादने विकणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावे, कारण त्यांचा बराच ग्राहक शाळा-कॉलेजातला असतो. चेहऱ्याचे छायाचित्र शक्यतो फोनवरच तपासून पुसले जावे. ‘नको, मला सुंदर दिसायचे नाही’ अशी बटणे २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयक (म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या किंवा दडपण आणणाऱ्या मांडणीविषयीच्या) मार्गदर्शक तत्त्वांनुसार फसव्या प्रथांत मोडतात.

पुन्हा खरेदीची आठवणही हिशेबाने पाठवावी. सनस्क्रीन रोज सकाळी चेहऱ्याला साधारण एक ग्रॅम लागते, म्हणजे ५० ग्रॅमची ट्यूब दीड महिना पुरते. दहाव्या दिवशी आलेला संदेश फक्त त्रास देतो. डागांवरचे सीरम घेतलेल्या ग्राहकाला फरक पडला का, हे आठ-दहा आठवड्यांनी विचारावे, पण जळजळ किंवा पुरळ आले का, हे पहिल्याच आठवड्यात विचारावे आणि आले असल्यास त्या घटकाची सर्व उत्पादने तिच्यासाठी तत्काळ वगळावीत. केसांच्या रंगाच्या बाबतीत पॅच टेस्टची, म्हणजे आधी त्वचेच्या छोट्या भागावर लावून पाहण्याची, आठवण ऑर्डरबरोबरच जावी.

यशाचे मोजमाप क्लिकवरून करू नये. उघडलेले प्रसाधन सहसा परत घेता येत नाही, त्यामुळे चुकलेली शेड परताव्याच्या आकड्यांत दिसत नाही. ती घरातल्या कपाटात पडून राहते आणि ग्राहक पुन्हा फिरकत नाही. म्हणून पहिल्या ऑर्डरबरोबर शेजारच्या दोन शेडच्या छोट्या पुड्या द्याव्यात, त्यांपैकी कोणती जुळली ते एका प्रश्नात विचारावे आणि शिफारस केलेलीच शेड जुळली असे सांगणाऱ्यांचे प्रमाण वर्णागणिक वेगळे काढून दर महिन्याला पाहावे. सावळ्या वर्णांच्या रांगेत हे प्रमाण कमी आढळले, तर आधी प्रश्नावलीऐवजी शेडची श्रेणी तपासावी, कारण जुळणारी शेड मुळात तयारच केलेली नसेल तर कोणतीही शिफारस तिथे कामाची नाही.