चिनी वैद्यकातले शब्द : या चुका टाळा

चिनी वैद्यकाबद्दल वाचायला बसलेला मराठी माणूस पहिल्याच पानावर घसरतो. ‘ची म्हणजे आपला प्राण, फेंग म्हणजे वात, आणि पाच तत्त्वं म्हणजे पंचमहाभूतं.’ आयुर्वेद कानावरून गेलेला असल्यामुळे सगळं ओळखीचं वाटतं, आणि गडबड तिथेच होते.

पंचमहाभूतांतले वायू आणि आकाश चिनी यादीत नाहीत; तिथे लाकूड आणि धातू आहेत. शिवाय या पाच तत्त्वांचं चिनी नाव ‘वूशिंग’, आणि त्यातल्या ‘शिंग’चा अर्थ चालणं. जग कशाचं बनलंय हा तिथला प्रश्नच नव्हे. कोण कोणाला पोसतं आणि कोण कोणाला आवरतं, याचा तो हिशोब आहे. लाकूड अग्नीला पोसतं, मातीला दाबतं. यकृत लाकडाच्या खात्यात, प्लीहा मातीच्या. म्हणून राग गिळून गिळून पोट बिघडलेल्या माणसाला तिथला वैद्य सांगतो, यकृत प्लीहेवर चढलंय.

हे ऐकून सोनोग्राफीला धावू नका. आपल्या डाव्या बरगडीखालची प्लीहा जुन्या रक्तपेशी गाळते. चिनी ‘पी’ अन्नातून ची, म्हणजे ऊर्जा, आणि रक्त घडवते. भाषांतरात दोघींना एकच नाव मिळालं, एवढंच. ‘सानजियाओ’ नावाचा अवयव तर शरीर उघडून शोधला तरी सापडायचा नाही. उलटी चूकही होते : रिपोर्टात फॅटी लिव्हर आलं म्हणून ‘यकृताच्या बिंदूंवरच सुया टोचा’ असा हट्ट. तिथे रोगाच्या नावाइतकीच लक्षणांची जुळणी, म्हणजे ‘जंग’, पाहतात. त्यामुळे डोकेदुखीच्या दोन रुग्णांवर दोन वेगळे उपचार होऊ शकतात.

वाताशिवाय आपण जगत नाही. तो बिघडला की त्रास. फेंग मात्र बहुतेकदा बाहेरून, मानेमागून शिरणारा वारा. (यकृतातूनही उठतो, तेव्हा चक्कर नाहीतर कंप.) कवटीखालच्या एका बिंदूचं नाव म्हणूनच ‘फेंगची’. आता इथला ‘ची’ ऊर्जेचा नव्हे बरं का, त्याचा अर्थ तळं! मनगटावर नाडी पाहण्याच्या तिसऱ्या जागेलाही ‘ची’ म्हणतात, ते लांबीचं माप. देवनागरीत तिन्ही सारखे दिसतात, चिनी अक्षरं वेगवेगळी. (ऊर्जेच्या ‘ची’चा उच्चार खरा ‘छी’कडे झुकतो, पण मराठीत तसं म्हटलं की नाक मुरडल्यासारखं होतं.)

शब्दांची गल्लत कधी जिवावर बेतते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममधल्या वजन घटवण्याच्या उपचारात ‘फांगजी’ वापरायची होती. त्या नावाखाली तेव्हा दोन निरनिराळ्या वनस्पती विकल्या जात. हवी होती स्टेफानिया, गेली ॲरिस्टोलोकिया. तिच्यातल्या आम्लाने शंभरच्या आसपास रुग्णांची मूत्रपिंडं खराब झाली, काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. पुडीवर नुसतं चिनी नाव असेल तर ती परत करा. वनस्पतीचं पूर्ण शास्त्रीय नाव मागा, आणि ते सांगता येत नसेल तर दुकान बदला.