शेळ्यामेंढ्यांचे डोळे यायचे दिवस आलेत, आणि जरा रेनडियरवाल्यांचंही ऐका

पाऊस लागून महिना झाला, वाड्यात चिखल, माश्या घोंगावतायत आणि झडीमुळे जनावरं दिवसदिवस आत कोंडलेली. डोळ्याची साथ पसरायला अजून काय पाहिजे. तर सकाळी गव्हाणीत चारा टाकायच्या आधी दोन मिनिटं थांबा आणि प्रत्येक शेळीच्या तोंडाकडे नीट बघा, दोन्ही डोळे सारखे उघडे आहेत का, डोळ्याखालचे केस ओले आहेत का. ओल्या केसांना धूळ बसून काळपट पट्टा दिसतो. तो दिसला म्हणजे सुरू झालं समजायचं, मग डोळा पांढरा व्हायची वाट बघत बसू नका.

आता रेनडियर मधेच कुठून आले म्हणाल. नॉर्वे, स्वीडन, फिनलंडच्या उत्तरेला सामी नावाचे तिथले मूळचे लोक रेनडियर, म्हणजे बर्फाळ भागातली हरणं, पाळतात. पाळतात म्हणजे दावणीला बांधून नाही, कळप डोंगरात मोकळा, कानाला ज्याची त्याची खूण कापलेली, आणि वर्षातून ठरलेल्या वेळी सगळे हाकून गोळा करायचे. जनावर अर्धं रानटीच. या रेनडियरना पण डोळे येतात, स्वीडनमध्ये तर 1912 सालीच याची नोंद झालीय. सुरुवात अगदी आपल्यासारखीच, पाणी गळतं, डोळ्याखालचे केस तपकिरी होतात, मग बुबुळावरचा काचेसारखा पडदा निळसर-पांढरा पडतो, पू येतो, आणि लक्ष नाही दिलं तर डोळा फुटतो सुद्धा. वासरं आणि तरणी जनावरं जास्त सापडतात. दोन्ही डोळे गेलेलं जनावर कळपामागे राहतं, गोल गोल फिरत बसतं, आणि तिथे लिंक्ससारखी शिकारी जनावरं टपलेलीच असतात.

पण मला त्यांची खाण्याची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. रेनडियर हिवाळ्यात बर्फ उकरून एक प्रकारचं दगडफूल खातात, आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल असतं ना त्याचंच भाऊबंद. आता हल्ली काय होतं, ऐन थंडीत मधेच पाऊस पडतो, तो बर्फावर गोठतो, वर काचेसारखा थर बसतो आणि जनावराला खूर मारून खालचं खाणं काढता येत नाही. मग मालक कळप कुंपणात घेऊन गोळीपेंड घालतो. पोट भरतं, पण जे जनावर मैलभर पसरून चरायचं ते आता एका गव्हाणीवर तोंडाला तोंड लावून उभं, धक्काबुक्की, ताण, आणि एकाचा डोळा आला की पाठोपाठ दुसऱ्यांचे. तिथे मूळ कारण बहुतेक वेळा हरणांचा एक हर्पिस विषाणू असतो, तो अंगात गुपचूप पडून राहतो आणि जनावर ताणात आलं की उठतो, मागून बॅक्टेरिया येऊन काम बिघडवतात. ॲन्टिबायोटिक दिलं तरी ते बॅक्टेरियावर चालतं, विषाणूवर नाही. आणि द्यायचं तर दोर टाकून जनावर धरायचं, म्हणजे परत ताण. आपलं बरंय, शेळी हाक मारली की येते.

आपल्याकडचे जंतू वेगळे हं, ते पण सांगतो. शेळ्यामेंढ्यांत मायकोप्लाझ्मा, क्लॅमिडिया, गाईत मोराक्सेला. पण पसरायची वाट तीच, गर्दी, एकच गव्हाण, वरून माशी. एवढे दिवस माळावर मोकळी चरणारी शेरडं झडीत आठ बाय दहाच्या शेडमध्ये कोंडली की आपण तेच करतो जे तिकडे कुंपणात होतं.

म्हणून पहिलं काम औषध नाही, पहिलं काम वेगळं काढणं. सावलीत, जरा अंधाऱ्या जागी बांधा कारण उजेड टोचतो, चारा-पाण्याचं भांडं वेगळं, आणि कामाचा क्रम असा की आधी चांगल्या जनावरांचं आवरायचं, आजारी शेवटी. मी स्वतः दोन वर्षांपूर्वी एकच ओलं फडकं घेऊन ओळीने सात शेळ्यांचे डोळे पुसले होते, मोठ्या मायेने! आजारी दोनच होत्या, चार दिवसांत सातही. तेव्हापासून कापसाचा बोळा, एका डोळ्याला एक, की टाकून द्यायचा.

एकाच जनावराचा एकच डोळा असेल तर आधी पापणी हळूच उलटून बघा. कुसळ, भुशाचं काड, साळीचं टरफल आत रुतलेलं असतं कधी कधी, ते निघाल्याशिवाय कुठलंच मलम उपयोगाचं नाही. वर टांगलेल्या जाळीतून चारा ओढताना कचरा सरळ डोळ्यात पडतो, गव्हाण छातीच्या उंचीला ठेवा. गाई-म्हशीच्या डोळ्यात पांढरी दोऱ्यासारखी वळवळ दिसली तर तो डोळ्यातला जंत, तो पण माशीनेच येतो, त्याचं औषध वेगळं, डॉक्टरकडून घ्या.

धुवायला मेडिकलमधली सलाईनची बाटली घ्या, स्वस्त असते. नसेल तर लिटरभर पाणी उकळून गार करून त्यात चहाच्या चमच्याने दीड चमचा मीठ, बस. नुसतं मीठ फुंकणं, चुना, तुरटीची पूड आणि ती तंबाखूची पिंक, हे सगळं बंद. अजून गावागावात म्हातारी माणसं जनावर धरून डोळ्यात तंबाखू थुंकतात आणि पाणी आलं की घाण निघाली म्हणतात, अहो घाण कसली, डोळा भाजतोय त्याचा.

मलम टेट्रासायक्लिनच्या जातीचं लागतं साधारण, दिवसातून दोन-तीनदा, पण डॉक्टरला दाखवून. ट्यूबचं टोक डोळ्याला लावायचं नाही. आणि घरात माणसाच्या डोळ्याचा ड्रॉप पडलाय म्हणून घालू नका, त्यात स्टेरॉइड असलं आणि बुबुळावर जखम असली तर डोळा हातचा जाईल. जास्त जनावरं लागली असतील तर डॉक्टर इंजेक्शन देतील, मग दूध किती दिवस विकायचं नाही तेही त्यांनाच विचारा. पशुसंवर्धनचा 1962 टोल फ्री आहे. हात साबणाने धुवा, आणि घरात कोणी गरोदर असेल तर आजारी शेळीमेंढीचं काम तिला नको.

डोळा दुधासारखा पांढरा झाला म्हणून लगेच खाटकाला फोन लावू नका. कडेने लाल शिरा आत येताना दिसल्या की लोक घाबरतात पण ती बहुतेकदा भरून यायची खूण असते, दोन-चार आठवड्यांत पुष्कळ जनावरांना परत दिसायला लागतं, कधी बारीक फूल राहून जातं. तोवर दोन्ही डोळ्यांनी आंधळ्या शेळीच्या तोंडाशी चारा-पाणी नेऊन द्यावं लागतं, नाहीतर ती डोळ्याने नाही, उपाशी मरते.

बाजारातून आणलेलं नवीन शेरडू तीन आठवडे वेगळं ठेवा, बरं झालेलं पण कळपात घालायची घाई नको, वरून ठीक दिसलं तरी जंतू बरेच दिवस अंगात राहतात. शेण रोज काढा, संध्याकाळी कडुलिंबाचा धूर करा पण शेड बंद करून नाही, धुराने पण डोळे चुरचुरतात. आणि पोळ्याला बैलांची शिंगं रंगवताना ऑइलपेंट डोळ्यात उडतो, तेव्हा एक जण कपाळावर फडकं धरून उभा राहू द्या, प्रत्येक बैलाला वेगळं फडकं.