कोर्टात तारखेला जाताना कपडे कसे घालावेत?

पक्षकार आणि साक्षीदारांसाठी कोर्टाने ठरवलेला गणवेश नाही. काळा कोट, पांढरा शर्ट आणि गळ्याला पांढरे बँड हा वकिलांचा पोशाख बार कौन्सिलच्या नियमांत लिहिलेला आहे. तुमचे कपडे स्वच्छ, अंगभर आणि साधे असले की पुरे. न्यायाधीशांचं लक्ष तुमच्या बोलण्यावर राहावं, कपड्यांकडे जाऊ नये, एवढंच बघायचं.

१. आदल्या संध्याकाळी तयारी करा

तारखेसाठी नवे कपडे घेऊ नका. घरातलाच धुतलेला, इस्त्री केलेला जोड काढून ठेवा. तो अंगावर चढवून एकदा खाली बसा, उठा, हात वर करा. उसवलेली शिवण, तुटलेलं बटण, अडकणारी चेन तेव्हाच कळते. शर्टाचे खिसे रिकामे करा. तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी पांढऱ्या खिशातून स्पष्ट दिसते, शिवाय डाग पडतो तो वेगळाच. नवे बूट तर नकोतच. पुकारा कधी होईल याचा नेम नसतो. सकाळी आलेला माणूस दुपारच्या सुट्टीनंतरही व्हरांड्यातच उभा असतो, आणि चावणाऱ्या बुटांमुळे साक्षीत लक्ष लागत नाही.

२. पुरुषांनी काय घालावं

फिक्या रंगाचा कॉलरचा शर्ट, गडद पँट, बूट किंवा मागे पट्टा असलेली सँडल. बाही अर्धी असो की पूर्ण, फरक पडत नाही. पूर्ण असेल तर दुमडू नका. वडीलधाऱ्यांना जबरदस्तीने पँट घालायला लावू नका. धोतर किंवा पायजमा, सदरा, डोक्यावर टोपी हा आपल्याकडचा रीतसर पोशाख आहे, आणि त्यात ते मोकळेपणाने बोलतात.

पांढऱ्या शर्टावर काळा कोट घालू नका, लोक वकील समजतील. खाकी शर्टही टाळा. बर्म्युडा, फाटकी जीन्स, फोटो किंवा घोषणा छापलेला टी-शर्ट, पक्षाचं उपरणं हे सगळं घरी ठेवा. फौजदारी खटल्यात आरोपीसोबत येणाऱ्या मित्रमंडळींना हे आवर्जून सांगा. एकसारखे टी-शर्ट घातलेला घोळका साक्षीदारासमोर उभा राहिला, तर तो दबाव वाटतो. त्याची तक्रार झाली तर आरोपीचा जामीन धोक्यात येऊ शकतो.

३. स्त्रियांनी काय घालावं

नऊवारी, सहावारी, पंजाबी ड्रेस, काहीही चालतं. पदर किंवा ओढणी खांद्यावर पिन लावून पक्की करा, कारण पिंजऱ्यात सही ओळखायला, कागद बघायला दोन्ही हात लागतात. खळखळणाऱ्या बांगड्या कमी करा. साक्ष टाइप होत असते, त्यात प्रत्येक शब्द ऐकू गेला पाहिजे. डोक्यावर पदर असला तरी हरकत नाही, चेहरा मात्र दिसला पाहिजे. गाडीवर बांधलेला स्कार्फ बाहेरच सोडा. साक्ष देताना साक्षीदार कसा वागतो याची नोंद कोर्टाला करता येते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १८, नियम १२ मध्ये तशी तरतूद आहे.

४. पोटगीचा दावा असेल तर

१ जुलै २०२४ पासून पोटगीचे नवे अर्ज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली होतात. त्यात दोन्ही बाजूंना उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं. अंगावरचे दागिने, घड्याळ, साखळी त्या शपथपत्राशी जुळली पाहिजे. ‘उत्पन्नच नाही’ म्हणणाऱ्या नवऱ्याच्या गळ्यात जाड साखळी दिसली, की उलटतपासात त्यावर प्रश्न येणारच. पत्नीच्या दागिन्यांबाबतही तेच. म्हणून कुणी मुद्दाम फाटकं लुगडं नेसून किंवा मळका शर्ट घालून येतं, तेही करू नये. सोंग उघडं पडलं की खऱ्या बोलण्यावरचाही विश्वास उडतो.

५. हवामान बघा

पाटण, मेढा, महाबळेश्वरला पावसाळ्यात छत्री पुरत नाही. रेनकोट घाला, समन्स आणि मूळ कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घ्या, एसटीतून उतरून चिखल तुडवावा लागणार असेल तर पायातलं दुसरं सोबत ठेवा. ओला रेनकोट कोर्टरूमच्या बाहेर काढा. जत, आटपाडीकडे उन्हाळ्यात टेरिकॉटपेक्षा सुती बरं; घामाने चिकटलेल्या शर्टात माणूस अस्वस्थ दिसतो, आणि ती अस्वस्थता खोटेपणाची वाटू शकते.

६. पुकाऱ्याच्या आधी

बोर्डावर आपला नंबर बघा आणि हाक ऐकू येईल एवढ्या अंतरावर बसा. गॉगल, हेल्मेट, कॅप, इअरफोन काढून ठेवा, मोबाइल बंद करा, चूळ भरा, शर्ट नीट खोचा. नाव पुकारल्यावर हे करायला वेळ मिळत नाही.

व्हिडिओ कॉन्फरन्सवरून हजर राहायचं असेल तरी पूर्ण कपडे घाला. उभं राहायला सांगितलं की खालची लुंगीही दिसते.

आणि उसाच्या फडातून किंवा कामावरून थेट यावं लागलं, कपडे मळले, तरी परत फिरू नका. हातपाय, तोंड धुवा, आधी वकिलांना सांगा आणि वेळेत हजर व्हा. मळक्या शर्टासाठी कुणावर वॉरंट निघत नाही. गैरहजर आरोपीवर निघू शकतं.