बायनरी बोर्डावर टाकायच्या आधी एवढं बघा की

लॅपटॉपवर क्रॉस-कंपाइल केलं, म्हणजे वेगळ्या प्रोसेसरच्या बोर्डासाठी बायनरी (प्रोग्रॅमची चालणारी फाइल) बनवली, शिरोली एमआयडीसीत जाऊन मशीनजवळच्या छोट्या लिनक्स बोर्डावर टाकली आणि तिथं 'एक्झेक फॉरमॅट एरर' (फाइल ह्या प्रोसेसरची नाही) आला की परत कोल्हापूर, परत बिल्ड, पेट्रोल जातंय ते वेगळंच. त्यापेक्षा घरातनं निघायच्या आधीच चेक करा.

पहिली कमांड 'फाइल', पुढं बायनरीचं नाव. ३२-बिट का ६४-बिट, एआरएम (बोर्डाचा प्रोसेसर) का एक्स८६-६४ (लॅपटॉपचा), सगळं एका ओळीत येतंय. एक्स८६-६४ दिसलं तर मेकफाइलनं (बिल्डच्या सूचनांची फाइल) लॅपटॉपचाच जीसीसी कंपायलर वापरलाय, हे लय वेळा होतं. कंपायलर बदलला तरी जुनी बायनरी पडून असली की मेक 'अप टू डेट' म्हणून गप्प बसतंय, म्हणून आधी 'मेक क्लीन' मारून जुनं पुसा. आणि लॅपटॉपवर चालवून अंदाज काढू नका, क्यूएमयूचा (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) युजर मोड बसवलेला असला तर एआरएमची बायनरी तिथंपण निवांत चालते.

खरी गंमत रास्पबेरी पाय झिरो ह्या बोर्डावर. त्याचा प्रोसेसर एआरएमव्ही६ (जुनी आवृत्ती) आणि डेबियन लिनक्सचा आर्महार्डफ्लोट कंपायलर डिफॉल्टला व्ही७ चा कोड काढतो. 'फाइल' नुसतं एआरएम म्हणतं, सगळं बरोबर वाटतं, आणि बोर्डावर 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन'. इथं 'रीडएल्फ'ला (बायनरीच्या आतली माहिती दाखवणारी कमांड) कॅपिटल ए चा ऑप्शन द्या आणि सीपीयू आर्क समोर व्ही६ आहे का व्ही७ ते बघा. कंपायलरचा 'एम-आर्क' फ्लॅग (कुठल्या प्रोसेसरसाठी कोड काढायचा ते सांगणारा) व्ही६ करून भागत नाही बरं का, टूलचेनच्या (कंपायलर, लिंकर आणि त्यांच्या फाइलींचा संच) स्टार्टअप फाइली व्ही७ च्याच असतात आणि त्या लिंक होतातच, त्यामुळं व्ही६ साठी बिल्ड केलेली टूलचेनच घ्यावी लागते.

फाइल डोळ्यासमोर असून 'नो सच फाइल' आलं तर बहुतेक वेळा लोडर (प्रोग्रॅम सुरू करून देणारी फाइल) सापडत नसतोय. 'रीडएल्फ' स्मॉल एल लावून इंटरप्रिटरची, म्हणजे लोडरची, ओळ बघा, तो लोडर बोर्डावर त्याच पाथला पाहिजे. हार्डफ्लोट, सॉफ्टफ्लोट (दशांश आकडे हाताळायच्या दोन पद्धती) आणि ६४-बिट, तिघांचे लोडर वेगळे.

'युनेम' कमांडवर एकट्यावर जाऊ नका, ती कर्नलचं (सिस्टीमचा गाभा) सांगतेय. पाय ४ वर कर्नल ६४-बिट आणि बाकी सिस्टीम ३२-बिट असू शकते. मी तर बोर्डावरची एलएस कमांडची बायनरीच लॅपटॉपवर कॉपी करून ठेवतो, बिझीबॉक्स (सगळ्या छोट्या कमांड एकाच फाइलीत) असला तर ती बिझीबॉक्सची फाइल, आणि ती आणि माझी बायनरी, दोन्हींवर ह्याच कमांड मारून आउटपुट शेजारी शेजारी ठेवून बघतो. सोबत जाणाऱ्या डॉट-एसओ फाइलींवर (शेअर्ड लायब्ररी) पण मारा, एखादी लॅपटॉपचीच उचललेली निघते.