जुन्या थाटाचं जॅकेट घेताय? आधी उलटं करा

दिवाळी उरकली की माझ्या दुकानाचा रंग बदलतो. तोवर पिको-फॉल, ब्लाउज, पॅन्टच्या मोहऱ्या. नोव्हेंबर लागला की टेबलावर जॅकेटांचा ढीग. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, महाराज बाड्याच्या चौकापासून पायी दहा मिनिटांवर जिन्याखालची जागा आहे. एक साधं मशीन, एक जाड कामाचं, एक स्टूल. नवीन मी शिवत नाही, बावीस हिवाळे फक्त दुरुस्ती करतेय. म्हणजे जॅकेट माझ्याकडे येतं ते बिघडल्यावरच, आणि कुठलं कुठे दगा देतं हे आता पाठ झालंय.

हल्ली पोरांना जुन्या थाटाची जॅकेटं हवी असतात. पायलटचं, फौजी, बुलेटवर शोभणारं, आजोबांच्या फोटोतला जाड लोकरी कोट. हौसेला माझी ना नाही. पण घेताना सगळे आरशात बघतात. मी सांगते, आधी उलटं करा. शिवणाऱ्याने कुठे हात राखला ते आतूनच दिसतं.

चेनपासून सुरू करते, कारण माझ्याकडची निम्म्याहून जास्त जॅकेटं चेनसाठीच येतात. रनरच्या मागे बहुतेक वेळा आकडा असतो: 3, 5, 8, 10. आकडा मोठा तसे दात रुंद. जाड जॅकेटच्या पुढच्या चेनला 5 पेक्षा कमी नको. चामड्याच्या किंवा लोकरीच्या जॅकेटला 8 ची असेल तर मी मान डोलावते. रनरवर वायकेके, या नावाजलेल्या जपानी चेन-कंपनीचं नाव, कोरलेलं असतं म्हणून लोक खूश होतात, पण कोरायला काय, कुणीही कोरतं. माझ्या पर्समध्ये फ्रिजवरचा एक जुना लोहचुंबक असतो. तो दातांना लावा, रनरला नको, रनरमध्ये कधी कधी पोलादी स्प्रिंग असते. पितळेला चुंबक चिकटत नाही. दात चिकटले तर आत लोखंड आणि वर पितळी मुलामा. दोन पावसाळ्यांत गंज धरणार आणि चेन अडणार.

मग खाली या. चेनच्या तळाशी एका बाजूला डबी असते, दुसऱ्या बाजूला काडी. चेन मरते ती तिथे. काडीच्या जवळची पट्टी कडक आणि दाट हवी, सुताचे धागे सुटलेले नकोत. दहा वेळा लावा-काढा. दुकानदार वैतागेल, वैतागू द्या. एकदा जरी काडी हाताने दाबून बसवावी लागली तरी जॅकेट परत हँगरवर.

चामड्याच्या जॅकेटची चेन बदलणं म्हणजे जिवावरचं काम. कापडातली सुईची भोकं बुजतात, चामड्यातली कायमची राहतात. जुन्याच भोकांतून सुई घालावी लागते, एकेक टाका चाक हाताने फिरवून. म्हणूनच चामड्यावर टाके फार दाट नसावेत. इंचाला सात-आठ पुरे. बारा-चौदा टाके दिसले तर लोकांना वाटतं काय बारीक काम आहे! तिकिटांच्या कागदाला पाडतात तशी भोकांची ओळ झालेली असते ती. ओढ बसली की तिथूनच फाटतं. कापडाचं उलट, तिथे इंचाला दहा-बारा टाके चांगले.

आता चामडं आणि रेक्झिन. माझ्या भाच्याने ऑनलाइन पायलट जॅकेट मागवलं होतं, तपकिरी, कॉलरला फर, दिसायला राजबिंडं. दोन हिवाळे घातलं. तिसऱ्या वर्षी कपाटातून काढलं तर कॉलरवरून पापुद्रे सुटताहेत आणि शर्टवर तपकिरी कोंडा. "मामी, मी तर जपून ठेवलं होतं." जपून ठेवूनही तेच होणार होतं. कापडावर पॉलियुरेथेनचा थर दिलेला असतो, आणि हवेतला ओलावा तो थर आतून तोडत जातो, घाला किंवा ठेवा. मला शिवता येण्याजोगं तिथे काहीच उरत नाही. टाका धरायलाच जागा नसते.

ओळखायचं कसं? वासावर जाऊ नका, वास फवारता येतो. खिशाच्या आतली किंवा चेनच्या मागची कापलेली कड शोधा. चामड्याची कड तंतू-तंतू, मऊ कागदाच्या लगद्यासारखी दिसते. रेक्झिनला वर पातळ थर आणि खाली विणलेलं कापड, असे दोन पदर सरळ दिसतात. बोटाने दाबा: चामड्यावर बोटाभोवती बारीक, वेड्यावाकड्या सुरकुत्या पसरतात, रेक्झिनवर नुसता खळगा पडतो. पाठीवरचा दाणा बघा, ठरावीक अंतराने तीच नक्षी परत आली तर ठसा मारलेला आहे. ठसा खऱ्या चामड्यावरही मारतात, तेव्हा एकाच खुणेवर निकाल देऊ नका.

लेबलवर 'जेन्युइन लेदर' लिहिलंय म्हणून भुलू नका. चामड्याचा कुठला थर ते त्यात कळत नाही. वरचा, मूळ दाण्याचा थर सगळ्यात टिकाऊ. खालचा थर सोलून त्यावर रंगाचा जाड लेप दिला तरी ते चामडंच म्हणवतं. आणि चुरा चिकटवून केलेलं 'बाँडेड' हे माझ्या हिशेबात रेक्झिनचंच भावंड.

चार-पाच वर्षांपूर्वी महाराजपुऱ्याच्या एअरफोर्स स्टेशनातून निवृत्त झालेले एक काका आले होते. त्यांच्या तरुणपणचं चामड्याचं जॅकेट, रंग कोपरांवर उडालेला, पण एक शिवण हललेली नाही. फक्त चेन गेली होती. म्हटलं, ठेवून जा, परवा देते. "नको ताई, मी बसतो इथेच." अडीच तास स्टुलावर बसून राहिले, दोन चहा झाले. मी जॅकेट उलटं केलं तेव्हा बघत राहिले होते मी. खिशाच्या प्रत्येक कोपऱ्याला आतून चामड्याचा छोटा तुकडा लावलेला, कारण खिसा फाटतो तो कोपऱ्यातच. आजही दुकानात मी जॅकेटच्या खिशात हात घालून आधी कोपरा चाचपते. तिथे निदान आडवी दाट टीप तरी हवी.

हे पायलट जॅकेट प्रकरण जरा सांगायला हवं, कारण नाव ऐकून लोक ऊब गृहीत धरतात. ज्याची सगळे नक्कल करतात ते अमेरिकी ए-टू 1931 सालचं. कातडं, आत पातळ अस्तर, मनगटाला आणि कमरेला रिब म्हणजे ताणणारी विणलेली पट्टी, पुढे झडपेचे दोन खिसे. वारा अडवणारं, बाकी ऊब आतल्या कपड्यांची. उंचावरच्या कडाक्यासाठी 1934 मध्ये बी-थ्री आलं, मेंढीचं कातडं लोकरीसकट, लोकर आतल्या बाजूला. बाजारात ए-टूच्या कापाला बी-थ्रीची फर चिकटवून काहीतरी तिसरंच विकतात. ती फर बोटांनी बाजूला सारून मुळाशी बघा: कातडं दिसतं की जाळीदार विणकाम? जाळी असेल तर पॉलिएस्टरचा शेरपा, म्हणजे नकली लोकर आहे. तो वाईट असतो असं नाही, पण मेंढीचे पैसे देऊ नका. फौजी एम-65, म्हणजे 1965 चं, त्याला आत बटणांनी लावायचं वेगळं अस्तर असायचं. नक्कल घेताना ते अस्तर सोबत आहे का विचारा, नाहीतर ते नुसतं वाऱ्याचं जॅकेट. नायलॉनचं नारिंगी अस्तरवालं एमए-वन तर पोरं फॅशन म्हणून उलटं घालतात. मुळात ती सोय खाली पडलेला वैमानिक शोधणाऱ्यांना दुरून दिसावा म्हणून होती.

ऊब कुठली हवी ते आधी ठरवा. आमच्या ग्वाल्हेरात थंडी दोन तऱ्हांनी लागते. जानेवारीत सकाळी सात वाजता धुक्यातून स्कूटरवर निघालात तर वारा मारतो. डिसेंबरात तानसेन समारोहाला हजिरा भागातल्या तानसेनाच्या समाधीपाशी रात्री उघड्यावर बसलात तर जमिनीतून, पाठीतून हळूहळू गारठा चढतो. पहिल्यासाठी बाहेरचं कापड घट्ट विणीचं, चेनच्या मागे वारा अडवणारी पट्टी, मनगटाला घट्ट रिब आणि बंद होणारा गळा हवा. अस्तर साधं चालेल. दुसऱ्यासाठी जाडी हवी, आणि कमरेखाली येणारी लांबी. आखूड जॅकेट घालून मैफिलीत मांडी घातली की पाठीचा वीतभर भाग उघडा पडतो, मग द्रुत लयीपर्यंत कोण टिकतंय!

जाडी म्हणजे वजन नव्हे. नवी पिंजलेली रजई आणि दहा वर्षं दबलेली रजई, कापूस तेवढाच, तरी जुनी गार लागते, कारण आत अडकलेली हवा गेली. फायबर भरलेलं जॅकेट मुठीत गच्च दाबा, दहा आकडे मोजा, सोडा. लगेच फुगून आलं पाहिजे. अस्तरावरच्या क्विल्टिंगच्या रेघाही बघा. फार लांब-लांब असतील तर दोन धुण्यांत फायबर खाली घसरून कमरेशी गोळा होतं आणि खांद्यावर नुसतं कापड उरतं. अशी जॅकेटं मी परत भरून देत नाही. पैसे घ्यायला लाज वाटते.

लोकरीच्या बाबतीत मी स्वतः फसलेय, तेही मेळ्यात. ग्वाल्हेरचा मेळा 1905 मध्ये माधवराव शिंद्यांनी सुरू केला, म्हणजे आमच्या तीन पिढ्यांची थंडीची खरेदी तिथली. एका दुकानात करडा लोकरी कोट दिसला, जुन्या नाविकांचे असतात तसा, दोन रांगा बटणांचा. "प्योर ऊल है, भाभी!" आणि कापडातली मी, अंधाऱ्या बल्बखाली घेऊन आले. महिन्याभरात काखेत आणि पर्स घासते तिथे गोळेच गोळे. जुने लोकरी कपडे पिंजून परत कातलेल्या लोकरीचं कापड होतं ते. पानिपतला अशा शॉडी सुताचा मोठा धंदा चालतो, ब्लँकेटांना ठीक आहे, पण तंतू आखूड असल्यामुळे ते घासलं की बाहेर येतात. आता मी तळव्याने कापड वीस वेळा एकाच जागी जोरात घासते. तळव्याला बारीक केस लागले किंवा कापडावर मऊ दाणे उठले तर पुढे चला. चांगलं मेल्टन, म्हणजे कोटाचं जाड, दाबून घट्ट केलेलं लोकरी कापड, घासून गुळगुळीतच राहतं, आणि उजेडासमोर धरलं तर वीण दिसत नाही. जाड कोटाच्या मेल्टनचं वजन चौरस मीटरला 600 ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून जास्तही असतं, हातात घेतल्यावर ते कळतंच.

खात्री हवी असेल तर आतल्या शिवणीच्या मायेतून, म्हणजे शिवणीपलीकडे सोडलेल्या जादा कापडातून, एक धागा काढायला मागा आणि बाहेर जाऊन जाळा. लोकर केस जळल्यासारखी वास मारते, आच काढली की विझते, राख चुरगळते. पॉलिएस्टर वितळून कडक काळा मणी होतो. सूत कागदासारखं जळतं. मिश्र धाग्यात दोन्ही खुणा दिसतात. थोडं मिश्रण मला चालतं, लेबलवर टक्के लिहिलेले असले तर. खऱ्या लोकरीची एक गोष्ट मात्र दुसऱ्या कशात नाही: स्वतःच्या वजनाच्या सुमारे 30 टक्के ओलावा पिऊनही ती ओली लागत नाही. आमच्या धुक्याला हेच औषध.

अंगात घालून बघताना आत स्वेटर असू द्या, आणि स्कूटरचं हँडल धरल्यासारखे हात पुढे करा. पाठ ताणली, बाह्या मनगटावरून चार बोटं मागे सरल्या, तर काखेची गोलाई खाली कापलेली आहे. नंबर मोठा घेऊन ते सुटत नाही आणि मलाही दुरुस्त करता येत नाही. बाही आखूड करणं, कमर आत घेणं हे होतं. खांदा होत नाही, म्हणजे होतो, पण जॅकेटच्या किमतीत. मग अस्तराच्या पाठीवर मधोमध उभी चुण आहे का बघा. ती नसेल तर पहिल्यांदा वाकाल तेव्हा सॅटिन काखेपाशी उसवणार. चुणीला दोन इंच कापड जास्त लागतं, तेवढंच वाचवलेलं असतं.

जुनं, वापरलेलं घेत असाल तर उन्हाच्या उजेडासमोर धरा, कसरीची भोकं दिसतील. चामड्याची कड दुमडा, तडे गेले तर तेलपाणी करून काही होणार नाही. नॅप्थलीनचा वास जातो, बुरशीचा जात नाही.

एप्रिलमध्ये ठेवताना लोकरीला ऊन दाखवा, चामड्याला सावलीतली हवा, आणि प्लास्टिकच्या पिशवीत दोन्ही नको. रुंद हँगर, जुन्या सुती साडीचं आवरण.

आणि चेन बिघडली की थेट "नवीन टाका" म्हणू नका. दात शाबूत असतील तर बहुतेकदा रनर सैल झालेला असतो. पकडीने दोन्ही बाजूंनी हलकेच दाबला तरी चालू लागतो, नाहीतर नुसता रनर बदलतो. त्याचे मी तीस रुपये घेते, आणि काकांसारखं कुणी स्टुलावर बसून राहिलं तर चहा माझा.