मधुमेह असताना दाढ काढून घ्यायची असेल तर

दंतवैद्याकडे जाताना चालू औषधांची यादी, एचबीए1सीचा (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणाऱ्या रक्ततपासणीचा) ताजा अहवाल आणि ग्लुकोमीटर (घरी रक्तातली साखर मोजायचे यंत्र) सोबत असावा, आणि वेळ सकाळचीच मागून घ्यावी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास ती आपल्या मनाने बंद करू नये. ती देणाऱ्या डॉक्टरांना आणि दंतवैद्याला मिळून ठरवू द्यावे.

खरी कसोटी असते ती त्या सकाळच्या नाश्त्याची. “दाढ काढायची आहे ना, मग पोट रिकामे ठेवा,” हा सल्ला शेजारीपाजारी इतक्या खात्रीने देतात की पहिल्या वेळी मीही तो मानला. नेहमीचे इन्सुलिन घेतले, खाल्ले काहीच नाही, आणि घोडबंदर रस्त्याने नौपाड्याकडे निघाले; माजिवड्याच्या वाहतुकीतच पाऊण तास गेला. दवाखान्याच्या बाकावर बसले तेव्हा कपाळावर गार घाम होता, संमतिपत्रावर सही करताना पेन बोटांत थरथरत होते आणि ग्लुकोमीटरने 58 हा धोक्याइतका कमी आकडा दाखवला. त्या दिवशी दाढ निघाली नाही.

हिरडीत सुई देऊन फक्त तेवढी जागा बधिर करायची असेल, तर उपाशी राहण्याचे कारण नाही. पूर्ण भूल किंवा गुंगीचे औषध द्यायचे असल्यास तशी सूचना डॉक्टर स्वतः देतात. एरवी नाश्ता नेहमीइतकाच करावा आणि औषध नेहमीप्रमाणे घ्यावे. बधिरपणा काही तास टिकतो आणि तोवर चावताना गाल किंवा ओठ दाताखाली येतो, त्यामुळे दुपारचे जेवण लांबते. म्हणून दुपारच्या इन्सुलिनचे काय करायचे हे आदल्या दिवशीच मधुमेहाच्या डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्यावे. घरून निघताना आणि खुर्चीत बसण्यापूर्वी साखर मोजावी. ती 70च्या खाली असल्यास चहाच्या चमच्याने तीन चमचे साखर पाण्यातून घेऊन 15 मिनिटांनी पुन्हा मोजावी.

“साखर खाली आली की बघू,” असे म्हणत सुजलेली दाढ महिनोन्महिने सांभाळणेही तितकेच चुकीचे आहे, कारण दाढेतला जंतुसंसर्गच साखर चढवत असतो. किती थांबायचे ते दंतवैद्याला ठरवू द्यावे.

दाढ काढल्यावर त्या जागी ठेवलेला कापसाचा बोळा अर्धा तास घट्ट दाबून धरावा, 24 तास जोरात चुळा भरू नयेत, तंबाखूला हात लावू नये. मऊ भात आणि ताक पुरते. ताप आला, पू दिसला किंवा तिसऱ्या दिवसानंतर ठणका वाढत गेला, तर दिलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.